झिरो स्टारची ऑल्टो आणि यवतमाळची वारी

आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलंय. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं, एका बाजूनं चाळीसेक किलोमीटर. आजवर मोटरसायकलवर नेतात. पुढे नवरा, मधे सासरे आणि मागे त्यांना धरून बसलेल्या ताई. आता गावातल्याच एका गुरुजींची 2014 ची ऑल्टो 800 विकायला निघाली आहे, एक लाख पंचावन्न हजार सांगतात. पण दिरानं मोबाईलवर ती गाडी ठोकून तपासल्याचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, डब्बा आहे हा, झिरो स्टार. बाबाले याच्यात बसवता का?" तर घ्यावी की नाही?

ताई, घ्या. फक्त गुरुजींची गाडी मी खाली सांगतो त्या तपासणीत टिकली पाहिजे, आणि घेतल्यावर ती माझ्या म्हणण्याप्रमाणे वापरली पाहिजे. यातलं एकही जमत नसेल तर दिराचं ऐका.

तालुक्याच्या गावात मी सव्वीस वर्षं गॅरेज चालवतो. मारुती, टाटा, महिंद्रा, जे येईल ते. अपघाताच्या गाड्या क्रेनवर येतात तेव्हा आत काय झालं असेल ते न सांगता दिसतं. त्यामुळे दीर खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या ठोकून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेनं, आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्या ठोकून पाहिल्या: ऑल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो. सगळ्या बिनएअरबॅगच्या होत्या आणि मोठ्या माणसांच्या बचावात पाचही शून्यावर गेल्या. पण त्या शून्याशून्यात फरक होता, आणि तो फार कुणी सांगत नाही. फिगो आणि पोलोचा सांगाडा जागेवर राहिला होता, म्हणजे एअरबॅग दिली की गाडी सुधारणार. पोलो दोन एअरबॅगसह पुन्हा ठोकली तर चार तारे मिळाले. ऑल्टो, नॅनो आणि आय10 चा सांगाडाच चेपला होता. त्यात नुसती एअरबॅग बसवून भागणार नाही, असं तपासणाऱ्यांनी तेव्हाच लिहिलं.

म्हणून कुणी तुम्हाला "बाहेरून एअरबॅग टाकून देतो" म्हटलं तर त्याच्या दुकानातून उठून या. एअरबॅग म्हणजे सीट कव्हर नव्हे. तिचा सेन्सर, तिचा कंट्रोलर, स्टेअरिंगचा दांडा आणि पट्टा हे सगळं कंपनीत एकत्र जुळवलेलं असतं.

आता तो व्हिडिओ नेमकं काय दाखवतो ते पाहा. गाडी ताशी 64 च्या वेगात आहे आणि तिचा समोरचा चाळीस टक्के भाग अडथळ्यावर आदळतोय. धक्क्याची ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. 50 च्या जागी 80 नं गेलात तर वेग दीडपटीच्या आसपास वाढतो, पण आदळताना पचवायची ताकद अडीचपट होते. गाडीचे तारे तुमच्या हातात नाहीत, वेगाचा काटा आहे. ऑल्टो 55-60 वर चालवणारा माणूस आणि शंभरनं पळवणारा माणूस या माझ्या लेखी दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आणि दिराला एक विचारा: मोटरसायकलला किती तारे मिळाले? सरकारच्याच आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. डायलिसिस झालेल्या माणसाचा बीपी उतरलेला असतो, डोकं गरगरतं, झोप येते. असा माणूस ट्रिपल सीटवर, मे महिन्याच्या उन्हात, मधे धरून आणायचा. या गाडीची तुलना शोरूममधल्या पाच ताऱ्यांशी करायची नसते, तुम्ही आज जे वापरता त्याच्याशी करायची असते.

जाता जाता एसटीचंही सांगतो. धडकेत एसटी तुमच्या ऑल्टोपेक्षा केव्हाही बरी. सासरे पंच्याहत्तरीपुढचे असतील तर त्यांना तिकीट नाही, आणि तुम्हाला अर्धं. सकाळी जायच्या वेळेला गाडी मिळत असेल तर तेवढी एक फेरी एसटीनं करायला हरकत नाही. परतीला मात्र स्टँडवर दोन तास बसवणं त्या माणसाला झेपणार नाही, हे मला कळतं.

जुन्या बाजारात काही गाड्या अशाही आहेत की गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी मी नको म्हणतो. मारुतीची व्हॅन, म्हणजे ओम्नी. तिच्यात इंजिन सीटखाली आणि ड्रायव्हरचे गुडघे थेट पत्र्यामागे. पुढे बोनटच नाही, तर चेपायला काय उरतं? नवे नियम आले तेव्हा 2019 मध्ये कंपनीनं ती बंदच केली. सामान वाहायला घ्या, घरच्या माणसांसाठी नको. दुसरी 2014 ची डॅटसन गो. तिचा सांगाडा इतका कच्चा निघाला की ती बाजारातून काढून घ्या, असं ग्लोबल एनकॅपनं कंपनीला कळवलं होतं. तिसरी, साधारण 2003 ते 2012 मधली होंडा, जिच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल, म्हणजे कंपनीनं बोलावून सदोष भाग बदलून देणं, झालेलं नाही अशी. त्या एअरबॅग फुगवणाऱ्या डबीतली स्फोटक दारू उष्णतेनं आणि दमटपणानं वर्षानुवर्षं बिघडत जाते आणि फुटताना लोखंडाचे तुकडे तोंडावर येतात. आपल्याकडचा उन्हाळा आठवा. बदली फुकट असते, कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की कळतं. पण रिकॉलचं पत्र जातं पहिल्या मालकाकडे, आणि गाडी तिसऱ्याच्या अंगणात उभी असते.

थोडे पैसे वाढवता येत असतील तर दोन एअरबॅगवाली टोयोटा इटिओस पाहा. भारतात बनलेल्या इटिओसला 2016 मध्ये चार तारे मिळाले होते. पण त्यातल्या पुष्कळ टॅक्सीत पळालेल्या आहेत, पिवळी पाटी उतरवून पांढरी लावलेल्या. आरसी नीट वाचा. कर्ज काढून घ्यायची असेल तर मी आग्रह करणार नाही, कारण डायलिसिसचा खर्च थांबत नाही.

आता गुरुजींची गाडी. माझ्या लेखी खरा प्रश्न इथून पुढे आहे. शून्य तारे मिळाले ते कोऱ्या गाडीला. तुमच्यासमोर आहे ती अकरा-बारा वर्षं चाललेली, कुठे ना कुठे घासलेली. कोरी ऑल्टो कमजोर आहे, ठोकून जोडलेली ऑल्टो तर कागदच.

बोनट उघडा. दोन्ही बाजूंनी चाकाच्या वर जो पत्रा आतून दिसतो त्याला आम्ही एप्रन म्हणतो. त्याच्या कडेला कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे टिपके दिसतील: गोल, सारख्या अंतरावर, शिक्का मारल्यासारखे. एका बाजूला ते आहेत आणि दुसऱ्या बाजूला सलग वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आहे किंवा जाड रंगाखाली काहीच दिसत नाही, तर गाडीनं त्या बाजूनं मार खाल्लेला आहे. मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर मडगार्ड उतरलं होतं. नुसतं मडगार्ड बदललं असेल तर मला चालतं, गावात बैलगाडीचं जूही लागतं. एप्रन, पुढचा चेसिसचा दांडा आणि दाराच्या पुढचा खांब, हे तीन मात्र अस्सल पाहिजेत. दाराचं रबर वरून हातभर ओढून बाहेर काढा. विकणाऱ्याला विचारून काढा, ते परत बसतं. खाली खांबाच्या कडेला तसेच गोल टिपके असले पाहिजेत. डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खड्ड्याच्या कडा हातानं चाचपा. पत्रा सुरकुतलेला लागला तर मागून ठोकर आहे. एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो. पाच काचा एका कंपनीच्या आणि एक वेगळी, तर ती का फुटली ते विचारा. दगडानं फुटली असेल तर गुरुजी लगेच सांगतील. आठवायला वेळ लागला तर ते ध्यानात ठेवा.

पट्टे. चारही पट्टे शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतला शेवटचा हातभर भाग सहसा कुणी पाहत नाही, म्हणून तिथं खरं दिसतं. वाळलेल्या गाळाची रेघ असेल तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. जुलै 2023 मध्ये यवतमाळात आणि महागावकडे पुरानं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, त्या पाण्यातल्या गाड्या आजही फिरतायत. पट्ट्यावर एखाद्या जागी इस्त्री फिरल्यासारखी चकाकी किंवा वितळल्याचा डाग असेल तर त्या पट्ट्यानं अपघातात कुणाला तरी धरलेलं आहे. असा पट्टा पुन्हा कामाचा नाही. मग झटका देऊन ओढा, जागच्या जागी अडकला पाहिजे.

ऑल्टो 800 ला त्या वर्षी ड्रायव्हरची एअरबॅग हौसेचा मामला होता. गुरुजींच्या गाडीत असेलच तर माझा एक अनुभव ऐका. काही वर्षांपूर्वी मावसभावासाठी मी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून एक पांढरी गाडी पास केली. दुसऱ्या कंपनीची होती, दोन एअरबॅगवाली. चावी फिरवली, एअरबॅगचा दिवा लागला, गाडी चालू केली, दिवा विझला. मी मान हलवली. सहा महिन्यांनी हॉर्न वाजेना म्हणून स्टेअरिंगचं कव्हर उघडलं तर आत पोकळी. एअरबॅग कधीच फुटून गेलेली. दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती, म्हणून इंजिन चालू झालं की दोन्ही एकदम विझायचे. मावसभाऊ काही बोलला नाही. "दादा, तू पाह्यली होती ना?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून मी चावी फक्त ऑनवर नेतो आणि इंजिन चालू न करता थांबतो. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांनी आपोआप विझला पाहिजे आणि त्या वेळी ऑइल-बॅटरीचे दिवे लागलेलेच राहिले पाहिजेत. सगळे एकदम विझत असतील तर मधे कुणाची तरी कारागिरी आहे. याहून हुशार लोक एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर टाकतात, तेव्हा दिवाही बरोबर वागतो. तिथे कव्हर उघडूनच पाहावं लागतं, आणि ते काम जाणकाराचं.

गंजाच्या बाबतीत आपण नशीबवान. विदर्भातली गाडी मुंबई-कोकणातल्या गाडीसारखी खालून सडत नाही. अपवाद शेतकऱ्यांच्या गाड्यांचा. डिकीत खताची पोती वाहिलेली असतील तर युरिया सांडून तळाचा पत्रा खातो. गुरुजींना शेती आहे का ते तुम्हाला माहीत असेलच.

चालवून पाहताना तुमच्या नवऱ्याला चालवू द्या, तुम्ही मागे बसा. सपाट रस्त्यावर 40 च्या वेगात, मागेपुढे कुणी नसताना, स्टेअरिंग हलकं धरून ब्रेक दाबायचा. गाडी एका बाजूला ओढली तर ब्रेकमध्ये किंवा पुढच्या चालीत काम आहे. स्पीडब्रेकरवर खालून ठकठक आली तर लोअर आर्म बघावा लागेल. ही दुरुस्ती महाग नसते, पण तिच्या बदल्यात किंमत उतरवता येते.

टायरवर एका बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. 3018 म्हणजे 2018 चा तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांवरचा टायर मी चालू ठेवत नाही. आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि टायर उभ्या उभ्याही शिजतो. पुढचा टायर हायवेवर फुटला तर ऑल्टोसारखी हलकी गाडी हातात राहत नाही. चार नवे टायर साधारण बारा-चौदा हजारांत पडतील. ब्रेक ऑइल बदला, पॅड-लायनर पाहून घ्या. या गाडीला एबीएस नाही, म्हणजे घाबरून पूर्ण ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि स्टेअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. नवऱ्याला सांगा, चाक घसरतंय वाटलं की पाय जरा सैल करून पुन्हा दाबायचा. मोकळ्या मैदानात चार वेळा करून पाहिलं की पायाला कळतं.

मागच्या सीटचे पट्टे बहुतेक गाड्यांत सीटखाली दाबलेले सापडतात. कव्हर घालणारा ते खुपसून टाकतो. गाडी घरी आणली की पहिलं काम तेच: कव्हर फाडायचं झालं तरी चालेल, पण बकल बाहेर काढा. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते भारी गाडीत. मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. तारे पट्ट्यासकट मोजलेले असतात. सासऱ्यांना मागे डाव्या बाजूला बसवा, म्हणजे पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. गळ्याजवळ उजवीकडे नळी टाकलेली असेल तर तिच्यावर दाब येत नाही. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून केलेली शीर, असेल तर तो हात पट्ट्याखाली अडकू देऊ नका. एकदा डायलिसिसच्या सिस्टरला विचारून घ्या.

समोर लोखंडी गार्ड बसवू नका. गाडी मजबूत वाटते म्हणून लोक लावतात, पण धक्का सोसायला जो भाग चेपायचा असतो त्यालाच गार्ड आडवं येतं. डिसेंबर 2017 पासून केंद्रानं त्यावर कारवाईचेही आदेश दिले आहेत.

तुमचा रस्ता मला पाठ आहे. चौपदरी झाल्यापासून समोरासमोरची टक्कर कमी व्हायला हवी होती, पण पेट्रोल पंपावरून किंवा गावफाट्यावरून उलट्या बाजूनं येणारे ट्रॅक्टर आणि दुचाक्या आहेतच. कपाशीच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली गाडी कापूस भरून उभी असते आणि जवळ जाईपर्यंत दिसत नाही. गावच्या आतल्या रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. ऑल्टोच्या वजनाच्या गाडीला पूर्ण वाढलेला रोही म्हणजे भिंतच. पहिल्या पावसात वावरातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येते, तिथे ब्रेक नव्हे, आधीच वेग कमी. म्हणून डायलिसिसची पाळी सकाळची मागून घ्या. अंधार पडायच्या आत घरी यायचं, आणि काटा साठच्या पुढे न्यायचा नाही. मागून ट्रकवाला हॉर्न मारत राहील. डावीकडे राहा, जाऊ द्या त्याला.

कागदांचं थोडक्यात. एमएच 29 चीच गाडी असेल तर एनओसीची भानगड नाही, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून नाव बदलतं. कर्ज होतं का पाहा, बँकेचा बोजा आरसीवरून उतरलेला हवा. विमाही 14 दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. "नंतर करू" म्हणत गुरुजींच्या नावावरच गाडी फिरवली आणि काही झालं तर भरपाई त्यांच्या डोक्यावर येते, सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तसंच सांगितलं आहे. हे गुरुजींना समजावून सांगा, तेच तुमच्या आधी आरटीओत जाऊन उभे राहतील. 2014 ची गाडी 2029 मध्ये पंधरा वर्षांची होईल. मग पुन्हा तपासणी, नोंदणी आणि हरित कर आहे. म्हणजे तुम्ही साडेतीन-चार वर्षांची सोय विकत घेताय, तेवढाच भाव द्या.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी निरोप द्या की आम्ही यायच्या आधी चालू करू नका. बोनटवर हात ठेवून पाहा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा आणि थंड झाल्यावर पहिला स्टार्ट स्वतः मारा. सांगाडा अस्सल निघाला, पट्टे चारही चालू असले आणि टायर जुने असले तर माझ्या हिशेबानं एक लाख तीसच्या वर जाऊ नका. उरलेल्या पंचवीस हजारांत टायर, ब्रेक आणि पुढच्या दिव्यांचं काम करून घ्या. एप्रनवर सलग वेल्डिंग दिसलं तर गुरुजींनी नव्वद हजार म्हटलं तरी घेऊ नका.